रोज एक फोटो, पण कसला?

रोज एक फोटो काढायचा म्हटलं की कुणीतरी विचारतंच, 'रोज तोच चेहरा टिपून काय मिळणार?' प्रश्न रास्त आहे, पण चेहराच हवा असं कुठंय? अमेरिकेतल्या जेमी लिव्हिंगस्टनने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड (कॅमेऱ्यातून लगेच छापून निघणारा फोटो) काढला, थेट २५ ऑक्टोबर १९९७ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या दिवसापर्यंत. त्यात मित्रमंडळी आहेत, साधे रिकामे दिवस आहेत, शेवटी शेवटी इस्पितळही. मला ते फार मोलाचं वाटतं. सणसमारंभाचे फोटो सगळेच काढतात हो. ओट्यावरची न घासलेली भांडी, दाराशी विस्कटलेल्या चपला कोण टिपतं? तेच टिपा. सोबत एक ओळ लिहाच, नावं विसरतात. फाइलची तारीख कॉपी करताना बदलू शकते, म्हणून ती फाइलच्या नावातच घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस; क्रम आपोआप लागतो.