ऑटो एसी की साधा एसी? ८५ हजारांचा फरक आहे, काय करू

कऱ्हाडकर_०९
नमस्कार मंडळी. कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायचं जवळजवळ नक्की झालंय, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. आता घोडं अडलंय ते व्हेरियंटवर. मधल्या व्हेरियंटला साधा एसी, तीन नॉबवाला, आणि त्याच्या वरच्याला ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल. ऑन रोड फरक ८५ हजार. त्या ८५ मध्ये अलॉय, क्रूझ कंट्रोल, मागचा वायपर असलं पण येतंय पण खरं सांगायचं तर मागचा वायपर सोडला तर मला त्यातल्या कशाचंच पडलेलं नाही.

वापर म्हणाल तर रोज गावातल्या गावात, आणि सासुरवाडी चिपळूणला असल्यामुळं कुंभार्ली घाट ठरलेला, पाऊस असो नाहीतर ऊन. पुढं आबा बसतात, त्यांच्या गुडघ्याला एसी लागतो, पाटण यायच्या आत "बंद कर ते" सुरू होतं. मागं बायको आणि पोरगी म्हणतात आमच्यापर्यंत तर काही येतच नाही. त्यामुळं माझा एक हात कायम नॉबवर. शोरूममधला पोरगा म्हणतोय सर ऑटो घ्या, कूलिंगपण जास्त आणि मायलेजपण वाढतं. हे खरं आहे का? आणि उद्या बिघडलं तर खर्चात पाडतंय का?

गॅस_भरून_मिळेल
कूलिंग जास्त हे साफ खोटं. माझं कामच गाड्यांच्या एसीचं आहे म्हणून सांगतो, एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटमध्ये कॉम्प्रेसर तोच, कंडेन्सर तोच, कूलिंग कॉइल तीच, गॅस तेवढाच. फरक फक्त नॉब कोण फिरवतंय ह्याचा. साध्यात तुम्ही फिरवता, ऑटोत कॉम्प्युटर फिरवतो.

आता मायलेजचं बघा. बहुतेक लोकांना वाटतं टेंपरेचरचा नॉब निळ्यावरून अर्ध्यावर आणला की कॉम्प्रेसर कमी चालतो. साध्या एसीत बहुतेक गाड्यांना तसं काही होत नाही. त्या नॉबला आत एक फ्लॅप असतो, तो काय करतो तर कॉइलवरून आलेल्या गार हवेतली थोडी हवा हीटर कॉइलवरून फिरवून आणतो, हीटर कॉइलमध्ये इंजिनचं गरम कूलंट. म्हणजे आधी पेट्रोल जाळून गार केलं आणि मग त्यातच गरम मिसळलं, ताक बर्फात ठेवून वर गरम पाणी ओतल्यागत. कॉम्प्रेसर कधी कट करायचा ते ठरवतो कॉइलला लावलेला सेन्सर, कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून साधारण ३-४ डिग्रीला कट मारतो तो. तुमच्या नॉबचा त्याच्याशी संबंध नाही. त्यामुळं थंडी वाजली तर नॉब फिरवायच्या आधी ब्लोअर एक नंबरनं कमी करा, कॉइलवरून हवा कमी जाते, कॉम्प्रेसर लवकर कट होतो, वाचलं तर पेट्रोल तिथं वाचतं. ऑटो एसी ब्लोअर आपोआप कमी करतो, एवढाच काय तो मायलेजचा फायदा, आणि तो पण तुम्ही साध्यात ब्लोअर कायम चारवर ठेवणारे असाल तर. काही गाड्यांना व्हेरिएबल कॉम्प्रेसर (गरजेप्रमाणं जोर कमी-जास्त करणारा) येतो, त्याचं गणित थोडं वेगळं आहे, पण शोरूमवाल्यानं ते विचारात घेऊन सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

नागपुरी_उन्ह
गॅसवाले भाऊ बरोबर बोलले. आमच्याकडं मे महिन्यात बाहेर ४५ असते, उन्हात उभ्या गाडीचं स्टीअरिंग हातात धरवत नाही, तिथं ऑटो न् साधा सारखेच हो. ऑटो काय करते, २४ लावलं तरी सुरवातीला फुल ब्लोअर, फ्लॅप पूर्ण थंडवर, आतली हवा घेणं सुरू. तुम्ही साध्यात हाताने तेच करता. आणि लोकं ऑटोमध्ये लवकर थंड व्हावं म्हणून एकदम लो वर टाकतात, त्यानं काही लवकर होत नाही, कारण २४ वर पण ते सुरवातीला सगळा जोर लावूनच राहते. फरक एवढाच की लो वर टाकलं तर नंतर ते थांबत नाही, मग गारठता आणि परत वाढवता.

त्यापेक्षा आधी दरवाजे उघडा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, एक-दोन मिनिट काचा खाली घेऊन चालवा, मग काचा लावून रीसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवायची. ऑटो असो नसो, हे करा.

आता तुमचा खरा प्रश्न. मागं हवा येत नाही म्हणता, तर मला सांगा मागचे एसी व्हेंट मधल्या व्हेरियंटला आहेत का? ते असतील तर ८५ हजार खिशात ठेवा. ऑटो एसीचा सेन्सर पुढं असते, पुढं २४ झालं की ते ब्लोअर कमी करते, मागचे बिचारे घामातच. मागचं भांडण ऑटोनं उलट वाढू शकते.

कोथरूडची_सुगरण
मी थोडी वेगळ्या पक्षात आहे. जुन्या गाडीला साधा होता, आताच्या गाडीला ऑटो. सगळे जण थंड किती होतं तेवढंच बोलतायत, पण ऑटोचा फायदा गाडी थंड करण्यात नाहीये, थंड झाल्यानंतरच्या दोन-तीन तासांत आहे. एक्सप्रेसवेवर पनवेलला ऊन, खोपोलीनंतर बोगदे, लोणावळ्याला ढग आणि पाऊस, तळेगावला परत ऊन. साध्या एसीत ह्या एवढ्या वेळात किती वेळा हात जातो बघा, आणि दर वेळी नजर रस्त्यावरून खाली. ऑटोत मी २५ लावते आणि विसरते. आता परत नॉबवाली गाडी चालवायची म्हटलं तर मला कंटाळा येईल.

आबांच्या गुडघ्यांचं म्हणाल तर तो ऑटो किंवा साधा ह्याचा प्रश्नच नाहीये, हवा कुठून सोडली आहे ह्याचा आहे. मोड बहुतेक तोंड अधिक पाय असा असणार. फक्त तोंडावर घ्या आणि आबांच्या बाजूचे व्हेंट छताकडे वळवा. थंड हवा जड असते, वर सोडली की आपसूक खाली पसरते, झोत अंगावर येत नाही. आमच्या सासूबाईंचं भांडण ह्याच्यावर मिटलं.

आणि एक, वरच्या व्हेरियंटला एसीची बटणं आहेत की सगळं स्क्रीनमध्ये घातलंय? स्क्रीनमध्ये असेल तर माझं मत लगेच बदलेल. घाटात एक डिग्री वाढवायला तीन वेळा स्क्रीनवर टॅप करायचं असेल तर साधा नॉब शंभर पटीनं बरा.

टायरमध्ये_हवा_३३
स्क्रीनचा विषय निघालाच आहे तर, व्हॉट्सॅपवर एक फिरतंय की युरोपात एसीची बटणं सक्तीची झाली. तसं नाहीये. युरो एनकॅपनं (गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी युरोपातली संस्था) २०२६ पासून पूर्ण मार्कांसाठी ज्या गोष्टींना खरी बटणं मागितली आहेत त्या म्हणजे इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि इमर्जन्सी कॉल. एसी त्यात नाही. आणि तो कायदा नाही, स्टार रेटिंगचे मार्क आहेत. बाकी सुगरणताईंशी सहमत.

कऱ्हाडकर_०९
@सुगरणताई, बटणं आहेत, दोन गोल नॉब आणि खाली बटणांची पट्टी. @नागपुरी, मागचे व्हेंट दोन्ही व्हेरियंटला आहेत, आत्ताच ब्रोशर परत बघितलं. म्हणजे मागचा प्रश्न तसाही सुटतोय.

पावसाचं कोणी बोललं नाही. जुलैत कुंभार्लीत काचेवर वाफ अशी धरते की बायको फडकं घेऊनच बसते. ऑटोवाला ते स्वतःहून सांभाळतो का?

परशुराम_घाट
मी चिपळूणचाच, कुंभार्ली आमचा रोजचा. भाऊ, आधी काच आतून धरलीय की बाहेरून ते बघायचं, बोट फिरवून लगेच कळतं. दोघांचा इलाज अगदी उलट आहे आणि लोक तिथंच गंडतात.

आतून धरली म्हणजे गाडीतल्या माणसांच्या श्वासाची, ओल्या छत्र्यांची, भिजलेल्या चपलांची दमट. तिथं एसी चालू, हवा पुढच्या काचेवर, बाहेरची हवा आत घ्यायची आणि टेंपरेचर थोडं वर. एसी हवेतलं पाणी काढतो आणि गरम हवा काच सुकवते. पुष्कळ जण पावसात थंडी वाजते म्हणून एसी बंद करून हीटर लावतात आणि रीसर्क्युलेशन तसंच ठेवतात, मग काय होणार, तीच ओली हवा फिरत राहते, फडकं कितीही मारा.

बाहेरून धरली तर समजायचं काच जास्त गार झालीय. घाट उतरून पोफळी-शिरगावकडं आलं की बाहेर एकदम दमट उकाडा, आणि तुम्ही वरून एसीनं काच गार करत आलेले असता. ती वायपरनं एका फटक्यात जाते आणि परत येते. तिथं काचेवरची हवा बंद करायची, टेंपरेचर वाढवायचं. एसीचा जोर वाढवाल तर अजून धरेल.

साधारण आपल्या बजेटमधल्या ऑटो एसीला ह्यातलं काही कळत नाही. काही महाग गाड्यांना आरशाच्या मागं दमटपणाचा सेन्सर येतो तो सांभाळतो. बाकीच्यांत पुढच्या काचेचं बटण तुम्हालाच दाबायचंय. आणि ऑटो मोड थंड टिकवायला कधी कधी रीसर्क्युलेशनवर जातो, पावसात त्याच्याकडं लक्ष ठेवा. लांबच्या प्रवासात तसंही सगळा वेळ आतलीच हवा फिरवू नये, चार माणसं असली की आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ड्रायव्हरला पेंग येते. मागचा वायपर मात्र डोळे झाकून घ्या, ८५ तल्या निम्म्या पैशाचं काम तोच करतो आमच्या भागात.

टोरांटोकर
इकडं उलटी कथा. हिवाळ्यात उणे २० ला गाडी चालू केली की साध्या एसीत हीटर फुल लावला तर आधी गार वारं अंगावर. ऑटो असेल तर ते कूलंट गरम होईपर्यंत ब्लोअर हळू ठेवतं आणि मग हळूहळू वाढवतं. इथं मी साधा घेणारच नाही. पण कऱ्हाडात ह्या फायद्याचा उपयोग शून्य.

गंमत म्हणून सांगतो, १९४० च्या मॉडेलला पॅकार्ड ह्या अमेरिकन गाडी कंपनीनं कारखान्यातूनच एसी दिला तेव्हा डॅशबोर्डवर त्याचा नॉबच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढा. आणि टेंपरेचर लावा आणि विसरा हे प्रकरण पण आजचं नाही, १९६४ च्या कॅडिलॅकला आलं होतं.

नागपुरी_उन्ह
पट्टा काढा 😂 आबांना सांगा हे, नॉब फिरवणं बंद करतील.

गॅस_भरून_मिळेल
खर्चाचं राहिलं होतं. साध्या एसीत नेहमी जाणारी गोष्ट म्हणजे ब्लोअरचा रेझिस्टर, ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा भाग. लक्षण ठरलेलं, १, २, ३ नंबर बंद आणि ४ चालू. स्वस्तातलं काम. ऑटोत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं ते महाग, आणि फ्लॅप फिरवणाऱ्या छोट्या मोटरी असतात, त्यांचे प्लॅस्टिकचे गिअर झिजले की डॅशबोर्डच्या आतून टिक टिक टिक आवाज येतो आणि एका बाजूनं गरमच येत राहतं. मोटर फार महाग नाही, पण काही गाड्यांत तिच्यापर्यंत पोचायला अर्धा डॅशबोर्ड खोलावा लागतोय, मजुरी तिथं लागते. तरी पण हे रोज होणारं नाही, ह्या भीतीनं ऑटो सोडू नका. गॅस लीक, कॉइल, कॉम्प्रेसर हे खरे मोठे खर्च आणि ते दोन्हीला सारखेच. केबिन फिल्टर वेळेवर बदला, निम्म्या "एसी लागत नाही" वाल्या गाड्यांत फिल्टर मातीनं भरलेला असतो एवढंच.

ऑटो घेतलाच तर एक लक्षात ठेवा. डॅशबोर्डवर काचेजवळ मधोमध किंवा कडेला काळ्या बटणासारखा छोटा गोळा दिसतो, तो उन्हाचा सेन्सर. आपली माणसं नवी गाडी आणली की पहिलं काम काय करतात, डॅशबोर्डवर मखमली मॅट अंथरतात आणि बाप्पा बसवतात, बरोबर त्या सेन्सरवर. मग कॉम्प्युटरला वाटतंय सावली आहे, तो ब्लोअर कमी करतो, आणि गिऱ्हाईक माझ्याकडं येऊन म्हणतंय ऑटो एसी बेकार. बाप्पा चार बोटं बाजूला सरकवला की झालं. स्टीअरिंगच्या जवळपास एक बारकी जाळी असते, तिच्या आत आतल्या हवेचा सेन्सर, तिथं पण काही लटकवू नका.

नाशिक_ईव्ही
इलेक्ट्रिकवाल्यांसाठी एक ओळ. आमच्यात एसी थेट बॅटरीवर, त्यामुळं ऑटो २५-२६ ला ठेवून सोडणं रेंजला चांगलं, आणि चार्जरला लावलेली असतानाच ॲपवरून गाडी गार करून घ्यायची. पेट्रोलवाल्या भाऊंना ह्याचा उपयोग नाही, असंच सांगितलं.

कऱ्हाडकर_०९
लय माहिती मिळाली, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे निव्वळ एसीसाठी ८५ देऊ नको पण मागचा वायपर आणि घाटातली सोय धरली तर देऊन टाक, असं मला कळलं. रविवारी आबांना घेऊन टेस्ट ड्राइव्हला जातोय वरच्या व्हेरियंटच्या. त्यात एसीचं काय बघू?

कोथरूडची_सुगरण
ऑटो दाबून २५ लावा आणि हात लावू नका. दहा-पंधरा मिनिटांत ब्लोअर आपोआप कमी होतो का आणि कमी झाल्यावर आबा गप्प बसतात का ते बघा. मग फक्त ब्लोअर हातानं एक पायरी खाली आणा, टेंपरेचर तसंच धरून ठेवतो का बघा. काही गाड्यांत एवढं केलं की सगळंच मॅन्युअलवर जातं, मग रोज चिडचिड.

नागपुरी_उन्ह
आणि शोरूमवाल्यानं सकाळी १० ला या म्हटलं तर जाऊ नका. दुपारी २ ला मागा, आणि सांगा गाडी आधी अर्धा तास उन्हात उभी पाहिजे, शेडमधली नको.