शाळेची सुरक्षा : थोडा निधी आहे, आधी कशावर खर्च करावा?

निळीछत्री :
यंदा मुलीच्या शाळेच्या पालक समितीवर आहे. सुरक्षेसाठी थोडे पैसे आहेत आणि बहुतेकांचा कल कॅमेरे वाढवण्याकडे आहे. मला ते पटत नाही. कॅमेऱ्यात जे दिसतं ते घडून गेल्यावर. इमारत दुमजली आहे. मुलांइतकाच शिक्षकांचा, मावशींचा, शिपाईकाकांचा विचार व्हावा असं वाटतं. जाणकारांनी सुचवा.

जुनाजवान :
ताई, मी अग्निशमन दलात होतो. दुसरा जिना आहे का, आणि शाळा भरलेली असताना तो उघडा असतो का, हे आधी बघा. पुष्कळदा तिथे कुलूप असतं आणि खाली मोडकी बाकं रचलेली. ती हलवायला पैसे लागत नाहीत. शिकागोत 1958 साली एका शाळेत तळघरात जिन्यापाशी आग लागली. जिना वर बंदिस्त नव्हता, धूर थेट वर्गांपर्यंत गेला. 92 मुलं आणि 3 शिक्षिका गेल्या. वर्गांची दारं बाहेर उघडणारी करून घ्या, पैसे तिथे घाला.

फळाखडू :
मी शिक्षक आहे. माझं मत संकटात बाहेर पडायच्या सरावाला, आणि तोही न सांगता, मधल्या सुट्टीत घेतलेल्या. 2011 च्या त्सुनामीत जपानमधल्या कामाइशीची मुलं सरावामुळे स्वतःच उंचावर धावली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. त्याच दिवशी ओकावा शाळेत कुठे जायचं हे ठरेना. मुलं मैदानात जवळजवळ पन्नास मिनिटं थांबली, मागे टेकडी असूनही. 74 मुलं आणि 10 शिक्षक-कर्मचारी गेले. म्हणून मुख्याध्यापक जागेवर नसतील तर निर्णय कोणाचा, हे लेखी हवं. धोका दिसला की शिपाईकाकांनीही कोणाला न विचारता घंटा वाजवावी.

आणखी एक. चिडून आलेल्या पालकाला शिक्षकाने एकट्याने बंद खोलीत भेटू नये. मुलांनाही तक्रार सांगायला वर्गशिक्षकांखेरीज दुसरं विश्वासाचं माणूस हवं. कधी तक्रार वर्गशिक्षकांविरुद्धच असते.

निळीछत्री :
मनापासून आभार. वरच्या मजल्यावर एक मुलगा व्हीलचेअरवर आहे. सरावात त्याला वर्गातच बसवून ठेवतात. काय करावं?

जुनाजवान :
त्याचा वर्ग तळमजल्यावर आणा, उद्याच. तोवर त्याला उचलून नेणारी दोन माणसं आणि त्यांच्या गैरहजेरीतली आणखी दोन नेमा, आणि प्रत्येक सरावात त्याला खरोखर खाली न्या. कसं धरलेलं बरं पडतं, हे त्यालाच विचारा.