लग्न करा, नोंदणी करू नका, के-१ भरा?

सातवं_पाऊल

सध्या एक सल्ला गटागटांतून फिरतोय. मुलगा अमेरिकन नागरिक, मुलगी इकडे. सल्ला असा: "लग्न थाटात उरकून घ्या, फक्त नोंदणी करू नका. कागदोपत्री मुलगी अविवाहित राहते. मग के-१, म्हणजे फियान्से व्हिसा भरा. सीआर-१, म्हणजे लग्नाच्या बायकोचा व्हिसा, त्यापेक्षा खूप लवकर काम होतं." खाली नमस्काराचे हात आणि 'उपयुक्त माहिती'.

हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ कोणी उघडून बघितलंय का? ज्या विधीत सप्तपदी असते त्यात सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. नोंदणी हा त्या लग्नाचा पुरावा. ती केली नाही म्हणून लग्न रद्द होत नाही, हे कलम ८ मध्येच लिहिलंय. म्हणजे मांडवातून उठलेली मुलगी डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जावर 'अविवाहित' लिहिते तेव्हा ते व्हिसासाठी केलेलं खोटं विधान ठरतं, आणि त्याची शिक्षा कायमची प्रवेशबंदी आहे. माफीचा अर्ज असतो, पण त्यात नवऱ्याला अत्यंत हाल होतील हे सिद्ध करावं लागतं, आणि मंजुरी अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

सापडत नाही म्हणता? डीएस-१६० मध्ये समाजमाध्यमांची खाती विचारतात. मुंडावळ्या बांधलेला एक फोटो मावशीने टॅग केला की संपलं. अधिकाऱ्याचं 'यांचं लग्न आधीच झालंय' असं मत झालं की मंजूर झालेला आय-१२९एफ, म्हणजे के-१ चा पहिला अर्ज, परत पाठवला जातो आणि आय-१३०, म्हणजे बायकोसाठीच्या अर्जापासून श्रीगणेशा.

आणि समजा सगळं खरं आहे, नुसता साखरपुडा झालाय. तरीही के-१ कशाला? एप्रिल २०२४ पासूनचे दर घ्या. के-१ चा आय-१२९एफ ६७५ डॉलर, व्हिसा २६५, तिथे लग्न झाल्यावर ग्रीन कार्डाच्या अर्जाचे, म्हणजे आय-४८५ चे १,४४०, कामाच्या परवान्याचे २६०, भारतात येऊन परत जायचं तर अॅडव्हान्स पॅरोलचे ६३०. झाले ३,२७०. सीआर-१ ला ऑनलाइन आय-१३० चे ६२५, एनव्हीसीचे (नॅशनल व्हिसा सेंटर) ३२५ आणि १२०, शेवटी ग्रीन कार्डाचे २३५. एकूण १,३०५. मेडिकल दोन्हीकडे वेगळं. सीआर-१ वाली विमानातून उतरते तीच ग्रीन कार्डधारक म्हणून. पासपोर्टातल्या व्हिसावर शिक्का बसला की तो वर्षभर ग्रीन कार्डासारखा चालतो, दुसऱ्या दिवशी नोकरी धरता येते. के-१ वाली परवाना येईपर्यंत काही महिने घरात बसते.

एडिसनकर

सप्तपदी करून अविवाहित लिहिणं हा मूर्खपणा आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या एका मूर्ख पोस्टवरून तुम्ही अख्ख्या के-१ ला झोडपताय.

नवरा-नवरी दोघं हिंदू असतील तर तुमचं गणित सोपं. वेगवेगळ्या धर्मांचे असतील तर? विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं, मग नोटीस, मग आणखी ३० दिवस हरकतींची वाट. नोटिशीवर दोघांच्या सह्या लागतात. ज्याला तिकडे वर्षाला दोन आठवडे रजा मिळते त्याने काय करायचं? एकदा नोटिशीला यायचं, एकदा लग्नाला. नोटीस तीन महिनेच जिवंत, तेवढ्यात दुसरी फेरी जमली नाही की पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं, मुलीला आधीच्या लग्नाचं मूल असेल तर? सीआर मार्गाने सावत्र मूल म्हणून न्यायचं तर त्याच्या अठराव्या वाढदिवसाआधी लग्न व्हायला हवं. मूल १९ चं असेल तर दार बंद. के-२ वर, म्हणजे के-१ वालीच्या मुलाच्या व्हिसावर मात्र २१ च्या आतलं अविवाहित मूल आईबरोबर जातं. हे तुमच्या १,३०५ डॉलरच्या गणितात कुठे बसतं?

तिसरं, समलिंगी जोडपी. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही भारतात त्यांना लग्न करताच येत नाही. त्यांना सांगणार का, आधी नोंदणीचा दाखला आणा?

तिरकस_तात्या

एडिसनकर, हजारात एक केस शोधून काढायची आणि ती नियम म्हणून मिरवायची. १९ वर्षांचं मूल असलेल्या किती नवऱ्या साखरपुडा करून के-१ भरतात?

बाकीचे ९९९ फक्त घाईपोटी के-१ घेतात आणि मग नव्वद दिवसांत लग्न, आय-४८५ ची थप्पी, बायोमेट्रिक्स, आणि तोवर आजी आजारी पडली तरी यायचं नाही. अॅडव्हान्स पॅरोल हातात नसताना देश सोडला की आय-४८५ सोडून दिला असं धरतात. हे 'लवकर काम होतं' म्हणणाऱ्यांनी मुलीच्या आईला सांगितलेलं असतं का?

एडिसनकर

ज्याची केस असते त्याच्यासाठी ती हजारात एक नसते, तात्या.

सातवं_पाऊल

मुलाचा मुद्दा बरोबर आहे, मूळ पोस्टमध्ये यायला हवा होता. समलिंगी जोडप्यांचाही, जरी त्यांना तिसऱ्या देशात लग्न करून सीआर-१ चा रस्ता मोकळा आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्याचं ऑनलाइन लग्नही चालतं, पण नुसतं व्हिडिओवर झालेलं लग्न इमिग्रेशन मानत नाही. लग्नानंतर दोघं प्रत्यक्ष एकत्र राहिले पाहिजेत आणि त्याचे शिक्के, तिकिटं, हॉटेलची बिलं जोडायची. आधी भेटून मग लग्न लावलं आणि पुन्हा भेटलेच नाहीत, तर आय-१३० अडकतो. क्रम महत्त्वाचा.

विशेष विवाह कायद्याची कटकट मान्य. पण के-१ साठीही अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट लागतेच. म्हणजे एक फेरी तशीही आहे.

आणि एडिसनकर, एक गोष्ट तुम्ही सोयीने गाळलीत. के-१ वर गेलेली मुलगी ज्याने अर्ज केला त्याच माणसामार्फत ग्रीन कार्ड घेऊ शकते, दुसऱ्या कोणामार्फत नाही. तिथे पोचल्यावर माणूस वेगळाच निघाला, तर नव्वद दिवसांनंतर तिच्या हातात काय? सीआर-१ वालीच्या हातात तेव्हा निदान दोन वर्षांचं कार्ड असतं, आणि घटस्फोट झाला तरी लग्न खरं होतं हे दाखवून आय-७५१, म्हणजे कार्डावरची दोन वर्षांची अट काढायचा अर्ज, तिला एकटीला भरता येतो.

पणजीकार

गोव्याचं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. आमच्याकडे नोंदणी आधी, धार्मिक विधी नंतर. सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सह्या: पहिली इच्छा नोंदवायची, मधे हरकतींचा काळ, मग दुसरी. वास्तव्याचा दाखला पंचायतीकडून. पहिली सही झाली म्हणजे लग्न झालं असं समजून आय-१३० भरणारे महाभाग असतात. नुसत्या पहिल्या सहीने लग्न होत नाही. तिकीट काढताना दोन्ही तारखा धरा.

कागदी_घोडा

उलटी चूकही लिहून ठेवा. पुढच्या डिसेंबरात मोठं लग्न ठरलंय, म्हणून व्हिसासाठी आत्ताच 'रजिस्टर करून घेऊ', विधी काहीच नाही, नुसता हिंदू विवाह कायद्याखालचा दाखला. असा दाखला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरर्थक ठरवला: विधी झालाच नसेल तर नोंदणीने लग्न होत नाही. लवकर कागद हवा असेल तर दोन रस्ते. भटजी बोलावून घरातल्या घरात सप्तपदीसह खरं लग्न करा, किंवा विशेष विवाह कायद्याने करा. महाराष्ट्रातल्या विवाह नोंदणीच्या ज्ञापनावर तीन साक्षीदार आणि पुरोहिताची सही लागते, पत्रिका मागतात, मुदत ९० दिवस, नंतर दंड. घरातल्या लग्नाची पत्रिकाही छापून घ्या, दहा प्रतींची का होईना. डिसेंबरातला सोहळा हा सोहळाच. अर्जावर पहिली तारीख.

आणि मुलगा नागरिक नसून ग्रीन कार्डवाला असेल तर हा सगळा वाद फिजूल. के-१ त्याला नाहीच, आय-१३० एफ२ए च्या, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांच्या रांगेत. नोकरीच्या रांगेतून ज्याचं ग्रीन कार्ड मंजूर व्हायच्या बेतात आहे त्याने तर मंजुरीच्या आधी लग्न लावावं. आदल्या दिवशी लग्न झालेली बायको त्याच्याच क्रमांकावर मागून येऊ शकते. दुसऱ्या दिवशी लग्न झालेली एफ२ए त.

मधलं_नाव

सगळे फीवर भांडताय, खरी गाडी अडते ती नावावर. महाराष्ट्रातल्या पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात मुलीचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. लग्नानंतर सासरचे म्हणतात पासपोर्ट बदल. मग वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आडनाव नवं, आणि ताटातल्या तांदळांत अंगठीने पहिलं नावही नवं लिहिलेलं असेल तर विचारूच नका. आय-१३० एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या, पदवी आणि जन्मदाखला तिसऱ्या. पोलीस क्लिअरन्स नव्या नावाने येतं, आधार जुन्या.

अर्ज चालू असताना पासपोर्टाला हात लावू नका. जुन्या नावाचा पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला एवढ्यावर सीआर-१ व्यवस्थित होतो. आडनाव बदललेलं नाही म्हणून कोणी व्हिसा नाकारत नाही.

तिरकस_तात्या

म्हणजे आता लग्नातलं नाव ठेवणंसुद्धा व्हिसाच्या वकिलाला विचारून करायचं. छान.

मधलं_नाव

ठेवा ना नाव, तात्या, घरात हाक मारायला. पहिलं नाव बदललेलं लग्नाच्या दाखल्यातून सिद्ध होत नाही, राजपत्र लागतं. ते करायची तयारी असेल तर खुशाल तांदूळ पसरा.

सातवं_पाऊल

आडनाव बदलायचा आग्रहच मुळात कशाला? ३० वर्षं जे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर, पदवीवर, पीएफवर आहे ते एका दुपारी टाकून द्यायचं?

एडिसनकर

हा धागा व्हिसाचा आहे की स्त्रीमुक्तीचा? काहींना बदलायचं असतं, स्वतःच्या हौसेने. त्यांना सांगा की इथेही के-१ पुढे आहे. अमेरिकेत लग्न लागतं तेव्हा बऱ्याच राज्यांत लग्नाच्या परवान्यावरच नवं आडनाव लिहिता येतं, आणि आय-४८५ त्याच नावाने भरला की ग्रीन कार्डही त्या नावाने. सीआर-१ वालीच्या ग्रीन कार्डावर व्हिसावरचं, म्हणजे जुन्या पासपोर्टावरचं नाव छापून येतं.

मधलं_नाव

आणि भारतीय पासपोर्ट जुन्याच नावाचा राहतो. विमानाचं तिकीट कोणत्या नावाने काढणार? मुंबई विमानतळावर खिडकीत पासपोर्ट एक आणि ग्रीन कार्ड दुसरं. पासपोर्ट तिकडच्या वाणिज्य दूतावासातून बदलून होईपर्यंत प्रत्येक फेरीला लग्नाचा दाखला खिशात. सीआर-१ वालीने तीन वर्षं थांबून नागरिकत्वाच्या अर्जातच नवं नाव मागावं. शपथ न्यायालयात झाली की नाव बदलतं, वेगळी फी नाही.

एडिसनकर

तीन वर्षं थांबा म्हणे. बरं, थांबतो.

ठीक आहे, जाहीर कबुली घ्या आणि फ्रेम करून लावा: दोघं हिंदू, मूल नाही, नवऱ्याला दोन आठवडे रजा मिळते, तर सीआर-१. यात के-१ म्हणजे पैसे जास्त झालेत. बाकी माझ्या तिन्ही केसेस जशाच्या तशा उभ्या आहेत आणि त्यांना कोणी हात लावलेला नाही.

सातवं_पाऊल

दोन मी आधीच मान्य केल्यात, वर बघा. उरलेल्या विशेष विवाह कायद्याच्या केसमध्ये फेऱ्या मोजा: तुमचीही एक आहेच.

कागदी_घोडा

कबुली देताय तर पूर्ण द्या. सीआर-१ असो की के-१, शेवटी आय-८६४, म्हणजे बायकोला पोसायची लेखी हमी, आहेच, के-१ ला फक्त तो नंतर येतो. दोघांच्या घरासाठी २०२५ च्या आकड्याने वर्षाला २६,४३७ डॉलर उत्पन्न लागायचं. कमी पडलं तर संयुक्त जामीनदार, नाहीतर नागरिकाच्या बायकोसाठी तुटीच्या तिप्पट मालमत्ता. ही जबाबदारी घटस्फोटाने सुटत नाही. ती नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या कामाच्या ४० तिमाह्या भरेपर्यंत गळ्यात. चुलतभाऊ 'सही करतो रे' म्हणतो त्याला हे आधी वाचायला द्या. बऱ्याचदा सही तिथेच राहते.

मधलं_नाव

आणि लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर राहिला असेल तर व्हिसा हातात असला तरी तिकीट पुढे ढकला, व्हिसाची मुदत मात्र ओलांडू नका. दुसऱ्या वाढदिवसानंतर उतरली तर आयआर-१, थेट दहा वर्षांचं कार्ड. आय-७५१ चे ७५० डॉलर आणि त्याची फाईल, दोन्ही वाचतात. विमानतळावर अधिकारी सवयीने सीआर-१ चा शिक्का मारतो, तिथल्या तिथे लग्नाची तारीख दाखवून दुरुस्त करून घ्या. कार्ड छापून आल्यावर आय-९०, म्हणजे कार्ड बदलायचा अर्ज, भरत बसावं लागतं.