मदत हवी आहे: ब्रसेल्सहून पुण्याला कोणती बिअर आणावी?

भारतात येताना माणशी 2 लिटरच दारू ड्युटीफ्री आणता येते, आणि बिअरही त्यातच धरतात. म्हणजे 750 मिलीच्या दोन मोठ्या बाटल्या, शिवाय एक 330ची. पिणारे चौघं. विटबिअर (गव्हाची बेल्जियन बिअर) पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत सहज मिळते, त्यामुळे तिच्यावर जागा घालवायची नाही.

सध्या डोक्यात आहे ते असं: एक सेझों द्युपों (बेल्जियन फार्महाउस बिअर, 6.5 टक्के अल्कोहोल, कोरडी, किंचित मिरीची झाक) आणि एक औद ग्यूझ (आंबट बेल्जियन बिअर). ग्यूझमध्ये साधारण एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेल्या लॅम्बिकचं (हवेतल्या रानटी यीस्टवर आंबवलेल्या बिअरचं) मिश्रण असतं. नव्या लॅम्बिकमधली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते, फेस त्यातूनच येतो. पहिल्यांदाच पिणाऱ्यांना कांतियों ब्रुअरीची ग्यूझ झेपणार नाही, बून ब्रुअरीची जरा मवाळ वाटते. कुणाचं मत वेगळं?

छोटी बाटली ऑर्व्हालची (बेल्जियन मठात बनणारी बिअर). ताजी असताना हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) पुढे, सहाएक महिन्यांनी ब्रेटानोमायसिस या यीस्टचा चामड्यासारखा वास चढतो. पहिल्या भेटीसाठी ताजी बरी की मुरलेली?

आणखी एक. द्युपोंची बाटली हिरवी, उजेडात हॉप्स बिघडून कुबट वास येतो. दुकानात ट्यूबलाइटखालची उचलायची नाही एवढं ठरलंय. पण एप्रिलच्या उन्हाळ्यात, तळघर नसताना, बुचाच्या बाटल्या फ्रिजमध्ये महिनाभर आडव्या ठेवाव्यात की उभ्या? उभ्या ठेवल्या तर गाळ तळाशी बसतो, ओतायला सोपं. ग्यूझवाले मात्र आडव्याच ठेवतात.