कोथरूड-डेक्कन भागात लॅपटॉप घेऊन बसता येईल असा कॅफे सुचवा (शेजारी ब्रेकर चालू आहे)

अर्धाकप:
मंडळी मदत करा. मयूर कॉलनीत राहते, तीन वर्षं घरूनच काम चालू आहे आणि आतापर्यंत बाहेर जाऊन बसायची वेळ कधी आली नव्हती. पण शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये आणि महिना झाला, सकाळी नऊला जो ब्रेकर सुरू होतो तो थेट सहा-साडेसहापर्यंत. सगळ्या खिडक्या लावल्या तरी बशीतला चमचा आपोआप वाजतो, खोटं नाही सांगत. परवा कॉलवर क्लायंटने विचारलं तू डेंटिस्टकडे बसलीयेस का.

काम लंडनच्या वेळेने, म्हणजे आत्ता दीड ते साडेदहा आणि ऑक्टोबर संपताना त्यांची घड्याळं बदलली की अडीच ते साडेअकरा. रोज दोन कॉल ठरलेले, एक सुरुवातीलाच दहा मिनिटांचा आणि दुसरा साडेसातला, तो तासभर चालतो. प्लग पाहिजे, कॉफी बरी पाहिजे, बाथरूम स्वच्छ पाहिजे आणि तीन-चार तास बसलं तर कुणी तोंड वाकडं करायला नको. दिवसाला तीनशे-साडेतीनशेच्या वर परवडणार नाही. सासूबाई म्हणतात दाराला गोधडी लाव, होईल सवय.

डबलडेकर:
वैशालीत जा की :) लॅपटॉप उघडायच्या आत चार जण खुर्चीची पाठ धरून मागे उभे राहतील, तुझी इडली कधी संपते बघत, आणि बघता बघता तुझं एक्सेल पण वाचून काढतील. गुडलकला तरी काय वेगळं, १९३५ पासून बनमस्का खाऊन उठायची जागा आहे ती, बसायची नाही.

चिकोरी:
मी दोन वर्षं आठवड्यातून तीन दिवस कॅफेतून काम करतोय त्यामुळे थोडं लांबण लावतो. आधी जागा शोधू नकोस, वेळ शोध. कुठलाही कॅफे घे, सकाळी अकरापर्यंत आणि दुपारी दोन ते पाच रिकामा असतो, साडेपाचनंतर कॉलेजची पोरं, वाढदिवस, आणि तो स्पीकर मोठा करणारा एक जण असतोच. तुझा ब्रेकर सहाला थांबतो ना? मग तुला पूर्ण दिवस बाहेर काढायचाच नाहीये. दीड ते पाच-साडेपाच कॅफे, मग घरी, आणि साडेसातचा मोठा कॉल स्वतःच्या टेबलावरून. दीडचा छोटा कॉल तेवढा गाडीत किंवा बाहेरच्या कट्ट्यावर उरकून मग आत जा.

जागा म्हणशील तर प्रभात रोड आणि भांडारकर रोडच्या गल्ल्या पायी फिर, जुन्या बंगल्यांच्या तळमजल्यावर बरेच छोटे कॅफे आहेत. मेन रोडवरच्यांपेक्षा तिथे शांतता असते, पार्किंगच्या नावाने मात्र बोंब. स्पेशालिटी कॉफीवाले जास्त करून कोरेगाव पार्क, कल्याणीनगरकडे, पण आता मेट्रो रामवाडीपर्यंत आहे त्यामुळे आयडियल कॉलनीला बसून बंडगार्डनला उतरायचं, पुढे रिक्षा. रोज नाही, शुक्रवारी वगैरे ठीक आहे.

वायफायवर विसंबू नकोस. बऱ्याच ठिकाणी ओटीपी टाकून तासा-दोन तासांचं कूपन मिळतं आणि ते नेमकं अपलोड चालू असताना संपतं, काही ठिकाणी ऑफिसचं व्हीपीएनच लागत नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट वापर, व्हिडिओ बंद ठेव, चालू ठेवलास तर तासाला एक जीबी कधी गेला कळतही नाही. भिंतीकडे पाठ करून बस म्हणजे मागून कुणाला स्क्रीन दिसत नाही.

आणि प्लग आधी तपासून घे!! मी एकदा नळस्टॉपजवळ एका ठिकाणी (नाव नको) ऐटीत कॅपुचिनो मागवला, चार्जर काढला, तर सॉकेटवर खाकी चिकटपट्टी आणि त्यावर पेनने 'बंद'. चालू होता तो, मी नखाने पट्टी उचलून पाहिलं. मग एक पोरगा आला आणि माझं टेबल पुसून गेला. पाच मिनिटांनी परत पुसलं. तिसऱ्यांदा त्याने लॅपटॉप उचलून खालचं पुसलं तेव्हा मी बिल मागितलं.

सदाशिवपेठी_चष्मा:
कॅफेचा नाद कशाला? अभ्यासिका बघ. आमच्याकडे सदाशिव पेठेत, नवी पेठेत एमपीएससीवाल्यांसाठी गल्लोगल्ली आहेत, महिन्याचे हजार-दीड हजार, एसी, वायफाय, प्रत्येकाला स्वतःचा प्लग आणि दिवा. मी दोन महिने बसलो एकात. अडचण एकच, तिथे शांतता म्हणजे खरोखरची शांतता. माझा कीबोर्ड जरा वाजणारा आहे, तर तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने वहीचा कागद फाडून चिठ्ठी सरकवली, 'सर, प्रिलिम १२ दिवसांवर आहे'. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून फक्त वाचायचं काम तिथे, टायपिंग घरी. कॉल आला तर तीन मजले उतरून चहाच्या टपरीवर.

हिशेबी_काकू:
तीनशे-साडेतीनशेत रोजचे चार तास जरा कठीण वाटतंय. चेनमध्ये एक कॅपुचिनो अडीचशेच्या आसपास, वर ५ टक्के जीएसटी, आणि एका कपावर चार तास बसायला आपल्यालाच कसंतरी होतं. दुसरा कप घेतला की पाचशे पार. वीस दिवसांचे दहा हजार झाले. माझ्या मुलाने कर्वेनगरला कोवर्किंगमध्ये चौकशी केली होती तेव्हा त्याला महिन्याला सात हजार सांगितले होते आणि तिथे फोनसाठी बंद खोली पण होती. कॉफी मशीनची आहे, गोड पाणी. ब्रेकर वर्षभर चालणार असेल तर तेच घे, दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर कॅफे.

गल्ल्यावरून:
छोटा कॅफे चालवतो, अकरा टेबलं, त्यामुळे दुसरी बाजू पण ऐका. लॅपटॉपवाल्यांचा आम्हाला राग नाही. दुपारी दोन ते पाच आम्ही माश्या मारत असतो, तेव्हा कुणी बसलेलं असलं तर उलट बरं, रिकाम्या कॅफेत गिऱ्हाईक शिरत नाही. राग कसला येतो, तर एकटा माणूस चार खुर्च्यांचं टेबल अडवतो, शनिवारी संध्याकाळी, आणि हेडफोन न लावता मीटिंग ऐकवतो सगळ्यांना. एकाने तर घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणला होता, त्यावर लॅपटॉप, दोन फोन आणि ट्रिमर. बियांचे भाव गेल्या दोन वर्षांत चांगलेच चढलेत, एका कपात फार काही सुटत नाही, जे सुटतं ते खाण्यात. दर दीड तासाला काहीतरी मागवा, साधं टोस्ट का असेना, मग काउंटरवरचा पोरगा स्वतःहून विचारेल मॅडम पंखा वाढवू का. पहिल्याच दिवशी सरळ विचारा, मी रोज दोन ते पाच येणार, चालेल का. कुणी विचारत नाही हो, सगळे चोरासारखे कोपऱ्यात जाऊन बसतात.

डबलडेकर:
ट्रिमर??

गल्ल्यावरून:
ट्रिमर. चार्जिंगला. देवाशप्पथ.

अर्धाकप:
दोन आठवड्यांनी येतेय, सॉरी. चिकोरी, तुमचं वेळेचं गणित डोक्यात आलंच नव्हतं, ब्रेकर थांबतो तेव्हाच कॅफे भरतो हे इतकं सरळ होतं. आधी एका चेनमध्ये गेले, कॉफी चांगली पण एसी इतका की ओढणी डोक्यावरून घेऊन बसले होते, आणि एकटी असल्यामुळे बाथरूमला जाताना लॅपटॉपचं काय करायचं हा प्रश्न. शेवटी शेजारच्या आजोबांना सांगून गेले, परत आले तर ते दोन्ही हात लॅपटॉपवर ठेवून बसले होते, आणि स्क्रीनवर जीजीजीजीजी.

मग भांडारकर रोडच्या आतल्या गल्लीत एक सापडला. गल्ल्यावरून यांनी सांगितलं तसं मालकीणबाईंना पहिल्याच दिवशी विचारलं, त्या म्हणाल्या या की, फक्त गुरुवारी लाइट गेली तर माझ्याकडे इन्व्हर्टरवर पंखाच चालतो, मशीन नाही. फिल्टर कॉफी एकशे वीस, दुपारी साबुदाणा वडा पण असतो. आज आठवा दिवस. काकू, दोनशे ऐंशीच्या वर बिल गेलं नाहीये अजून.

चिकोरी:
नाव?

अर्धाकप:
नाही सांगणार. चारच टेबलं आहेत आणि प्लग दोन.

हिशेबी_काकू:
हे बरं आहे! विचारायला इथे यायचं आणि सांगायच्या वेळी हात आखडता.

अर्धाकप:
काकू तुम्हाला व्यनि (खाजगी मेसेज) केलाय. चिकोरींना पण. पण खिडकीजवळचं टेबल पाचपर्यंत माझं.