२०१७चं विजेतेपद यूसीएफचंच आहे (चर्चा)

ऑर्लंडोचा बाबा

गेल्या शनिवारी मंडळाच्या जेवणात विषय निघाला आणि एका स्नेह्यांनी मला तोंडावर सांगितलं, "तुमच्या युनिव्हर्सिटीने आपल्याच हाताने आपल्या गळ्यात हार घालून घेतला." अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे २०१७चे राष्ट्रीय विजेते आम्हीच, असं आमच्या यूसीएफने स्वतःच जाहीर केलं, त्यावरून हा टोमणा. तेव्हा रांगेत बोलता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात सव्वाशेहून जास्त विद्यापीठं आहेत. एकेक संघ मोसमात जेमतेम बारा-तेरा सामने खेळतो, त्यामुळे सगळे सगळ्यांशी भिडणं शक्यच नसतं. आणि या वरच्या गटाचा राष्ट्रीय विजेता एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना, आजवर कधीच ठरवत आलेली नाही. १९३६पासून असोसिएटेड प्रेसचे पत्रकार मतं देऊन क्रमवारी लावतात, १९५०पासून कोच मंडळींची वेगळी क्रमवारी लागते. २०१४पासून एक समिती चार संघ निवडायला लागली आणि त्यांच्यात उपांत्य आणि अंतिम सामना व्हायला लागला. २०२४पासून चाराचे बारा झाले.

आता २०१७. सेंट्रल फ्लोरिडा, म्हणजे आमची यूसीएफ, २०१५ला बाराच्या बारा सामने हरली होती. दोनच वर्षांनी त्याच संघाने एकही सामना गमावला नाही. आमच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या साखळीच्या, अंतिम सामन्यात दोन ओव्हरटाइमनंतर मेम्फिसला ६२-५५ असं हरवलं. तरीही समितीने आम्हाला बाराव्या क्रमांकावर ठेवलं. मग १ जानेवारी २०१८ला पीच बाउल या मोसमाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यात आम्ही सातव्या क्रमांकाच्या ऑबर्नला ३४-२७ने हरवलं. याच ऑबर्नने त्या मोसमात जॉर्जियाला ४०-१७ आणि अलाबामाला २६-१४ असं हरवलं होतं. आणि अंतिम सामना खेळायला मिळाला कुणाला? जॉर्जिया आणि अलाबामालाच.

त्या दिवशी शकीम ग्रिफिनला खेळताना पाहिलेलं मी विसरणार नाही. लहानपणीच डावा पंजा काढावा लागलेला मुलगा, ऑबर्नच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चाल रचणाऱ्या खेळाडूला) पुन्हा पुन्हा पाडत होता. बचावातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्यानंतर डिस्ने वर्ल्डमध्ये संघाची मिरवणूक निघाली तेव्हा लेकीला खांद्यावर घेऊन मी तिथे उभा होतो. तेरा सामने, तेरा विजय. वरच्या गटात त्या वर्षी न हरलेला दुसरा संघ नव्हता. मग विजेता आणखी कुणाला म्हणायचं?

हंट्सव्हिलकरीण

बाबा, तुमच्या मुलांचं कौतुक मलाही आहे, पण हिशोब अर्धाच मांडलात. ज्या ऑबर्नला तुम्ही मोजपट्टी केलंत तो संघ त्या वर्षी चार सामने हरला. क्लेम्सनकडून हरला, एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट) हरला, आणि डिसेंबरमध्ये जॉर्जियाशी परत गाठ पडली तेव्हा २८-७ असा हरला. ते वाक्य तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. 'अ'ने 'ब'ला हरवलं, 'ब'ने 'क'ला हरवलं, म्हणून 'अ' श्रेष्ठ, असं धरलं तर त्याच मोसमातून वाटेल त्या संघाला विजेता ठरवता येईल. सप्टेंबरमध्ये इर्मा वादळामुळे तुमचा जॉर्जिया टेकशी सामना रद्द झाला. त्यात तुमचा दोष काहीच नाही, पण मोसमातली एक कठीण परीक्षा त्यामुळे राहिली हे तर खरं?

अंतिम सामना मी टस्कलूसातल्या मैत्रिणीच्या घरी पाहिला. मध्यंतरापर्यंत आम्ही, म्हणजे अलाबामा, १३-० मागे. आमचे तेव्हाचे कोच सेबनसर यांनी स्थिरावलेला क्वार्टरबॅक बसवला आणि पहिल्या वर्षातल्या टुआ टागोव्हायलोआला आत पाठवलं. ओव्हरटाइममध्ये जॉर्जिया तीन गुणांनी पुढे. आमच्या पहिल्याच डावाला टुआला सोळा यार्ड मागे पाडलं. सेकंड अँड ट्वेंटीसिक्स, म्हणजे दुसरा प्रयत्न आणि अजून २६ यार्ड जायचं. खोलीत कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. पुढच्याच चेंडूला डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास, टचडाउन (चेंडू गोलरेषेपार, सहा गुण), २६-२३. विजेतेपद असं मैदानात येतं. चौदा सामन्यांत एकदा हरलो, ते मान्य. पण नियम मोसमाआधी सगळ्यांना माहीत होते, त्या नियमांनी जो शेवटी उभा राहिला तो विजेता. निकाल लागल्यावर आपल्या सोयीचा नियम शोधायचा आणि स्टेडियमवर पाटी लावायची, हे मला पटत नाही.

ऑर्लंडोचा बाबा

ताई, पाटीचं तुम्ही काढलंत म्हणून विचारतो. १९४१चं विजेतेपद अलाबामा आजही मोजते ना? त्या वर्षी तुमचा संघ मिसिसिपी स्टेटकडून १४-० आणि व्हँडरबिल्टकडून ७-० असा हरला होता. असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत विसावा होता. अव्वल होता मिनेसोटा, एकही सामना न हरलेला. १९८०च्या दशकात विद्यापीठाच्या माहिती-पुस्तिकेत १९२५, १९२६, १९३०, १९३४ आणि १९४१ अशी पाच जुनी वर्षं मागाहून घातली गेली. ४१ला आधार काय, तर एका माणसाने गणिताने काढलेली क्रमवारी. मग आमच्यामागे आम्हाला पहिलं ठरवणारी कॉली मॅट्रिक्स ही क्रमवारी आहे, तीही गणितीच. एका खगोलभौतिकशास्त्रज्ञाची ती पद्धत आधी बीसीएसच्या, म्हणजे २०१४आधीच्या निवडपद्धतीच्या, अधिकृत गणितातही होती. एनसीएएच्या नोंदपुस्तकात २०१७पुढे अलाबामाच्या जोडीला आमचंही नाव छापलेलं आहे. दोन सामने हरलेल्या विसाव्या संघाला गणित चालतं आणि तेरा जिंकलेल्याला चालत नाही, हे कुठलं न्यायाचं माप?

न्यू ब्रन्सविकचा रहिवासी

मी राहतो तिथून हाकेच्या अंतरावर ६ नोव्हेंबर १८६९ला रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ने हरवलं. कॉलेज फुटबॉलचा पहिला सामना हाच धरतात. आमच्या एडिसनमधली कितीतरी मराठी मुलं आज त्याच रटगर्समध्ये शिकतात, आणि त्यांना हे ठाऊक नसतं याचं मला वाईट वाटतं.

प्रिन्स्टन २८ राष्ट्रीय विजेतेपदं सांगते, येल २७. त्यातली बहुतेक त्या काळी कुणी दिलीच नव्हती. अनेक वर्षांनी जुने निकाल चाळून लोकांनी ठरवली. या खेळात 'अधिकृत' असं कधी काही नव्हतंच. १९६०ला मिनेसोटाला बाउल सामन्यांच्या आधीच विजेता घोषित केलं, आणि तो संघ रोझ बाउलमध्ये वॉशिंग्टनकडून १७-७ने हरला. किताब तसाच राहिला. १९७३ला कोच मंडळींनी अलाबामाला विजेता केलं, मग शुगर बाउलमध्ये नोत्र दामने अलाबामाला २४-२३ने हरवलं. त्यानंतर कुठे कोचांनी शेवटचं मतदान बाउलनंतर घ्यायला सुरुवात केली. म्हणून माझं मत बाबांच्या बाजूने. दीडशे वर्षं सगळे मतांवरच विजेते होत आलेत, आणि २०१७च्या शेवटच्या यादीत चार पत्रकारांनी पहिलं मत यूसीएफला दिलं होतं.

हंट्सव्हिलकरीण

१९४१ची पाटी उतरवायला हवी. हे मी माझ्या ऑफिसातही बोलले आहे आणि त्यावरून शब्द ऐकलेत. त्या वर्षीच्या कॉटन बाउलमध्ये आम्ही सबंध सामन्यात एकच फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाणं) मिळवला होता. जिंकलो, पण राष्ट्रीय विजेत्याचं लक्षण ते नव्हे.

पण याच अलाबामाने १९६६चा दावा कधी केलेला नाही, तेही लक्षात घ्या. अकरा सामने, अकरा विजय, शुगर बाउलमध्ये नेब्रास्कावर ३४-७. किताब मिळाला नोत्र दामला. मिशिगन स्टेटशी १०-१० बरोबरी असताना त्यांचे कोच आरा पार्सिगियन यांनी जिंकायचा प्रयत्न सोडून वेळ काढला. आम्ही तिसरे. अन्याय वाटतो, तरी ती पाटी आमच्या भिंतीवर नाही.

अटलांटातला काका

१९६६बद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या वेळचा अलाबामाचा संघ सगळाच्या सगळा गोरा होता. आपल्याच राज्यातल्या काळ्या मुलांना तिथे जागा नव्हती. पहिला काळा शिष्यवृत्तीधारक खेळाडू, विल्बर जॅक्सन, १९७०ला आला. त्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ बर्मिंगहॅमला येऊन ४२-२१ जिंकून गेला आणि त्यांच्या सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने आपल्या ताकदीने सगळं मैदान गप्प केलं. ६६च्या मतदारांच्या मनात या गोष्टीचं वजन असेल, तर त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. ज्याने अर्ध्या मुलांना दाराबाहेर ठेवलं, त्याला देशाचा विजेता कसं म्हणायचं?

हंट्सव्हिलकरीण

काका, तुमचं खरं आहे. मी ते लिहायला हवं होतं.

बोल्डरची आजी

बत्तीस वर्षं कोलोरॅडोत आहे. मुलगा इथेच शिकला, घरात काळं-सोनेरी तोरण लागतं. तरीही १९९०चं आमचं विजेतेपद मला आजतागायत मनापासून साजरं करता आलेलं नाही, म्हणून लिहिते.

६ ऑक्टोबर १९९०, मिझूरीशी सामना, आम्ही ३१-२७ मागे. गोलरेषेपासून तीन यार्डांवर पोचलो, वेळ संपत आलेली. चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात, हा या खेळाचा पाया. पहिल्या डाउनला क्वार्टरबॅकने चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवलं. दुसऱ्याला आमचा खेळाडू बिएनिमी एक यार्डापर्यंत पोचला, आणि आम्ही टाइमआउट घेतला. तेवढ्यात बाजूला काठी धरून उभ्या असलेल्या माणसाने डाउनचा आकडा बदललाच नाही. पंच चुकले, मैदानावर कुणालाच कळलं नाही. पुढच्याला बिएनिमीला अडवलं. मग परत चेंडू आपटला, तो खरं तर चौथा डाउन होता, तिथेच सामना संपला होता. पण आम्हाला पाचवा मिळाला आणि त्यावर टचडाउन झाला. ३३-३१. सामना सोडून द्यावा म्हणून मागणी झाली. आमच्या कोचने मैदान निसरडं होतं अशी तक्रार केली आणि विजय ठेवून घेतला. पुढे असोसिएटेड प्रेसने आम्हाला विजेता केलं, कोचांच्या मतदानात जॉर्जिया टेक. ते एकही सामना हरले नव्हते, एक बरोबरी होती फक्त.

त्याच्या पन्नास वर्षं आधी हेच घडलं होतं. १६ नोव्हेंबर १९४०, कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ. त्या मोसमात पहिल्या क्रमांकापर्यंत गेलेला कॉर्नेलचा संघ, सलग अठरा सामने न हरलेला. शेवटच्या क्षणी पाचव्या डाउनवर टचडाउन करून ७-३ने जिंकले. मग त्यांनी सामन्याची फिल्म बघितली, चूक कळली, आणि कुणी भाग पाडलेलं नसताना डार्टमथला तार केली की सामना तुमचा. निकाल ३-० असा नोंदला गेला. राष्ट्रीय किताबाची आशा त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली.

यूसीएफच्या बाबांना माझं सांगणं इतकंच. कॉर्नेलचं नाव मला माहीत आहे ते न मागितलेल्या गोष्टीमुळे. तुमचा तेरा-शून्य कुणी पुसू शकत नाही. त्याला विजेतेपदाचा शिक्का लावायचा हट्ट कशाला?

ऑर्लंडोचा बाबा

आजी, कॉर्नेलने परत दिलं ते त्यांचं नव्हतंच, म्हणून त्यांचं मोठेपण. आमच्या मुलांनी कुणाकडून काहीच घेतलेलं नव्हतं. आम्ही काय परत करायचं?

आणि मागितलं नसतं तर काय झालं असतं, तेही सांगतो. २०१८ला परत बारा-शून्य गेलो, समितीने परत आठव्या क्रमांकावर ठेवलं. २०२३ला फ्लोरिडा स्टेट तेरा-शून्य असूनही बाहेर राहिली, कारण त्यांचा क्वार्टरबॅक जखमी होता. गप्प बसणाऱ्याकडे कुणी बघत नाही. आज बारा संघांत आमच्या तेव्हाच्या कॉन्फरन्ससारख्या लहान कॉन्फरन्सच्या एका विजेत्याला जागा राखीव आहे. त्यामागे २०१७ला आम्ही केलेला आरडाओरडाही आहे, असं मी मानतो.

हंट्सव्हिलच्या ताई, ऑबर्नच्या चार पराभवांबद्दल तुम्ही बरोबर आहात, ते मी आधीच लिहायला हवं होतं. १ जानेवारी २०१९ला फिएस्टा बाउलमध्ये एलएसयूने आम्हाला ४०-३२ने हरवलं, पंचवीस विजयांची माळ तुटली. त्या मोसमाचा दावा आम्ही कुणीही केला नाही, कारण आम्हाला मैदानात हरवणारा संघ होता. २०१७च्या मुलांना हरवणारा संघ तुम्ही दाखवा, मी स्वतः शिडी लावून पाटी उतरवतो.

हंट्सव्हिलकरीण

दाखवू शकत नाही. तुमच्याशी आमचा सामनाच झाला नाही, आणि तो व्हायला हवा होता. शिडी मात्र मला द्या, १९४१साठी.