मॉडेल म्हणतं २६ अंश, रिसेप्शनच्या ताई शाल घेऊन बसतात

डक्टवाला:
पुण्यातलं एक ऑफिस. मधोमध पाच मजली एट्रियम, म्हणजे तळापासून वरपर्यंत मोकळा चौक, उंची साधारण २० मीटर, वर काचेचं छत. एनर्जीप्लसमध्ये (इमारतीतली उष्णता आणि वीज यांचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) अख्खा एट्रियम एकच झोन धरला, पुण्याची हवामान फाइल लावली. एप्रिलच्या दुपारी तीनला मॉडेल २६ दाखवतं. प्रत्यक्षात खाली रिसेप्शनच्या ताईंच्या अंगावर शाल, आणि पाचव्या मजल्याच्या गॅलरीतल्या लोकांनी घरून टेबलफॅन आणलेत! मालक म्हणतात, छताच्या कडेच्या झडपा उघडा, गरम हवा आपसूक निघून जाईल. थेट सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं बारीक संगणकी गणित, करू का?

हवापाणी:
एवढ्यात नको. एकच झोन म्हणजे सगळी हवा ताकासारखी घुसळलेली, तळापासून छतापर्यंत तापमान एक. शाल आणि टेबलफॅन त्यात दिसणारच नाहीत. आधी वरच्या कठड्यावरून दोरी सोडा, दर चार मीटरला तापमान नोंदवणारा एक लॉगर बांधा आणि आठवडाभर ठेवा. खालून वर तापमान कसं बदलतं ते मिळालं की तेच एनर्जीप्लसमध्ये तापमानाचा पॅटर्न म्हणून देता येतं. सीएफडी करायचंच असेल तर नंतर, एक-दोन वाईट तासांपुरतं, आणि भिंती-काचांची तापमानं या मॉडेलमधूनच उचला.

काळाचेंडू:
काचेची झळही मोजा: टेबल टेनिसचा चेंडू काळा रंगवून त्यात तापमानाचा सेन्सर घाला नि पाचव्या मजल्यावर टांगा. माझ्या एका कामात हवा ३० आणि चेंडू ३६ होता. तापलेली काच डोक्यावर असली की एसी कितीही वाढवा, वरचे लोक तक्रार करणारच. काचेवर सावली हवी, शक्यतो बाहेरून.

डक्टवाला:
दोरी सोडली. दुपारी तळाला २३, काचेखाली ३७, सरासरी २९ च्या आसपास. बाहेर ३८. दाराशी बसणारे सिक्युरिटीचे काका म्हणाले, "साहेब, दुपारी इथं बाहेर उभं राहिलं की पायाला गार लागतं." दारात टिश्यू धरला तर बाहेर फडफडला. सकाळी आठला, एसी लागायच्या आधी, तोच आत.

हवापाणी:
काकांनी तुमचं काम केलं. २० मीटरचा आतला स्तंभ बाहेरच्यापेक्षा सरासरी ९ अंशांनी गार, म्हणजे जड. साधारण ६ पास्कलचा फरक पडतो. गार हवा खालच्या दारातून सांडते, तिची जागा वरच्या फटींतून आलेली गरम हवा घेते. भर दुपारी झडपा उघडल्या तर वरून ३८ ची हवा आत ओढाल. एसीचं बिल बघून मालकांना कळेलच म्हणा, पण तोवर तुम्ही अडकाल.

डक्टवाला:
मग झडपा कायमच्या बंद?

हवापाणी:
रात्री उघडा. तेव्हा आतली हवा बाहेरपेक्षा गरम असते, धूर चढावा तशी वर जाते. खाली हवा आत यायला जागा मात्र ठेवा, आणि एसी लागायच्या आधी झडपा बंद. कबुतरांची जाळी आहे का, तेवढं बघून घ्या.